बाबांनी विणलेलं गवत

हॅनोव्हर,
१४ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. मागच्या रविवारी फोनवर तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडले, की शेजारच्या आजीबाईंनी दार वाजवून कुणाला काही लागलंय का, असं विचारलं. इथे रविवारी भिंतीत खिळाही ठोकत नाहीत. तेव्हा आपलं पत्रच बरं. होडीच्या इंजिनाने तुमचे कान नेले, डोळे अजून शाबूत आहेत.

तुम्ही लिहिलंत की एम.एस्सी. होऊन, विमानात बसून पोरगी एवढ्या लांब गेली ती नक्की करते काय, असं लोक विचारतात. सांगा, घोडे पाळते. आपल्या जाळ्यात अधूनमधून येतात तेच, शेपटीने दोरीला विळखा घालून बसलेले. या शहराला समुद्र नाही. आमच्या केंद्रात आम्ही पाण्यात मीठ कालवून तो करतो आणि त्याची तुमच्या नातीपेक्षा, उल्कापेक्षा, जास्त काळजी घेतो.

इकडच्या किनाऱ्यांवरचं समुद्रगवत गेलं, त्याबरोबर समुद्रघोडेही गेले. खास परवानगीने थोडी जोडपी पकडून आणली आहेत. त्यांची पिल्लं वाढवायची आणि दक्षिणेकडे एका खाडीत, जिथे गवत पुन्हा धरलं आहे, तिथे सप्टेंबरात सोडायची. जोडपी आहेत ती एवढीच. पुन्हा पकडायला कुणी देणार नाही. ही पिल्लं जगली तर आमच्या मुख्य बाई, फ्राऊ ब्रांट, मला पुढे डॉक्टरेटसाठी ठेवून घेणार आहेत. पण बाबा, खरं सांगते, डॉक्टरेट नाही मिळाली तरी चालेल. समुद्रातून इतकं काढून आणलेलं पाहत मी मोठी झाले. एकदा काहीतरी परत सोडताना बघायचंय.

आईला सांगा, यांच्यात नर पोटाच्या पिशवीत पिल्लं वागवतो आणि बाळंत होतो. रोज सकाळी नवराबायको एकमेकांभोवती गिरक्या घेतात, रंग बदलतात. मग दिवस सुरू.

आता दोन मागण्या आहेत. पिल्लांना शेपटीने धरायला काहीतरी लागतं. इथलं प्लास्टिकचं गवत गुळगुळीत आहे, त्यांची पकड सुटते आणि ती वर तरंगून मरतात. तुम्ही काथ्याची बारीक दोरी वळून, तुमची ती जाळ्याची गाठ मारून, गवतासारखं काही करून द्याल का? आणि दुसरं, तुमच्या जाळ्यात घोडा आला तर जिवंत सोडा. वाळवून त्या एजंटला देऊ नका. कायद्याने बंदी आहे म्हणून नाही, मी सांगते म्हणून.

ती. आईस सा. न., सिद्धांतदादाला नमस्कार, उल्काला पापा. माया आहेच, ती पत्रातून अधूनमधून पाठवत राहावी.

आपली
शमिका

❖

देवगड,
३ जून २०२४

चि. शमिका हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मी दोनदा वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. नर बाळंत होतो हे ऐकून ती हातातलं काम टाकून हसत बसली. म्हणाली, पुढच्या जन्मी घोडीच व्हायचं आणि ह्यांना बघायचं. त्या दिवसापासून मी पोटावर हात ठेवून बसलो की विचारते, कितवा महिना.

मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मी घोड्यांचा विषय काढला. मला नीट ऐकू येत नाही हा फायदाच झाला, कारण हसले किती ते कळलं नाही. सिद्धांतने नंतर सांगितलं की नागेशची पोरगी जर्मनीत तबेला चालवते असं कुणीतरी म्हणालं. मी एवढंच म्हटलं की माझ्या होडीवर घोडा आला तर तो परत पाण्यात जाईल, बाकीच्यांनी आपापलं बघावं. सिद्धांतचं तोंड वाकडं झालं. वाळलेल्या घोड्यांचा एजंट त्याच्या ओळखीचा. पण दोन आठवड्यांनी एकेक जण येऊन सांगू लागला, आम्ही पण सोडला. आता बऱ्याच होड्या सोडतात. शमीचा घोडा, असं म्हणून सोडतात.

तुझं गवत तयार आहे. काथ्या चांगला भिजवून, कुटून घेतला. बारीक पीळ घातला. प्रत्येक पातीच्या खाली दगड बांधलाय आणि वर बुचाचा तुकडा, म्हणजे पाण्यात ताठ उभं राहील. गाठी जाळ्याच्याच आहेत. तुला लहानपणी येत नव्हती ती. पावसाळ्यासाठी होडी वर काढून शाकारली, त्याआधी बुड खरवडून लाल रंग दिला होता. तो उरला होता त्याचे दोन हात तुझ्या गवतालाही दिले आणि कडक ऊन दाखवलं. आता ना शेवाळ धरेल, ना कालवं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकेल. घोडे म्हातारे होतील, गवत होणार नाही.

मनोरमाकाकूंचा चंद्रशेखर रजेवर आला आहे. तो तिकडे झिंडेलफिंगेन की काय त्या गावी मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याच्याबरोबर देतो. त्याने पिशवी हुंगून बघितली आणि विमानात कुत्रा मागे लागेल म्हणाला. काही लागत नाही.

जेवत जा. तुझ्या सगळ्या पत्रांत घोडे काय खातात ते असतं, तू काय खातेस ते नसतं.

तुझा
बाबा

❖

हॅनोव्हर,
७ जुलै २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गवत पोचलं! चंद्रशेखरदादाने झिंडेलफिंगेनहून पार्सल केलं आणि वर चिठ्ठी लावली की त्याच्या कपाटातल्या सगळ्या कपड्यांना खाडीचा वास लागला आहे, आता ऑफिसात त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. मी पिशवी उघडून तोंड आत घातलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. तुमची एकेक गाठ बोटाने मोजली. लाल रंगाचं वाचून हसले होते, बघून पुन्हा हसले. होडीएवढा मान त्या दोरीला!

खरं म्हणजे इथे नियम आहे. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू, साधा दगडसुद्धा, सहा आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवायची, ते पाणी तपासायचं, मग ती टाकीत. क्वारंटेने म्हणतात. पण आमचा मोठा नर पोटुशी आहे, आज उद्या होईल. फ्राऊ ब्रांट उर्लाउबवर, म्हणजे रजेवर, आहेत. त्यांची वाट बघत बसले असते तर ही पिल्लंही प्लास्टिकवरून घसरून गेली असती. आणि नियम परक्या वस्तूंसाठी असतो. तुमची दोरी परकी कशी?

आज संध्याकाळीच लावलं. बाबा, तुम्ही बघायला हवं होतंत. पाती एकदम ताठ उभ्या राहिल्या, यंत्राच्या पाण्याबरोबर डोलायला लागल्या. तो नर आधी लांबून बघत राहिला. मग हळूच आला, शेपूट पुढे केली आणि तुमच्या गाठीच्या खाली पक्का विळखा घातला. त्याची बायको त्याच्या शेजारच्या पातीवर. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की मी एकटी काम करत नाही.

पिल्लं झाली की लगेच कळवते. आईला म्हणावं, बारशाची तयारी ठेव.

ही लेक लांब असली तरी तुमच्या गाठीत आहे, हे ध्यानी असावं.

आपली
शमिका

❖

हॅनोव्हर,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे. मुद्दाम तुझ्या कोळंबीच्या डेपोच्या पत्त्यावर पाठवलंय. वाचून झालं की फाडून टाक.

सगळे घोडे मेले. पिल्लं, जोडपी, सगळे.

पिल्लं झाली तेव्हा मी नाचले होते. शंभरावर होती, नखाएवढी, आणि प्रत्येकाने बाबांच्या दोरीला शेपूट अडकवलेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाण्यासाठी वाढवलेली बारीक कोळंबी टाकीत मरून पडलेली दिसली. मला वाटलं माझंच माप चुकलं, मी आणखी घातली. मग पिल्लं सुटायला लागली. दोरी धरलेली आणि मेलेली, अशीही होती. आमच्या सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच यंत्रातून फिरतं. मी इकडे एका टाकीत जीव वाचवायला धावत होते आणि तेच पाणी बाकीच्यांत जात होतं.

फ्राऊ ब्रांट रजा अर्धी टाकून आल्या. पाणी तपासलं तर त्यात तांबं. त्यांनी शांतपणे विचारलं की टाकीत नवीन काय घातलं. तेव्हा कळलं, दादा. होडीच्या बुडाचा तो लाल रंग तांब्याचा असतो. त्याला शेवाळ धरत नाही, कालवं धरत नाहीत, कारण तो जे चिकटेल त्याला मारतो. त्याच कामाचा असतो तो. आपण लहानपणापासून त्या रंगाने हात माखलेले लोक. मी सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. आहे. बाबांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, दोन हात रंग दिला, आणि मी ते वाक्य वाचून लाडाने हसले.

बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती दोरी हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरली, चिठ्ठी लावली आणि म्हणाल्या की काम फार सुबक आहे, कुणी केलं. मी म्हटलं, वडिलांनी. त्यांनी मान हलवली आणि पिशवी कपाटात ठेवली. सप्टेंबरचा कार्यक्रम रद्द. पुन्हा जोडपी पकडायला परवानगी मिळणार नाही. माझा फेअरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, महिनाअखेरीस संपतोय आणि त्या तो वाढवणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही वाढवला नसता.

बाबांना यातलं काही कळता कामा नये. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावला आणि त्याचं हे झालं, हे मी त्यांना कसं सांगू? त्यांना सांग, शमीने घोडे समुद्रात सोडले. मीही तसंच लिहीन. आणि एक कर, त्यांना आणखी दोरी वळू देऊ नकोस.

तुझ्यावर भार टाकते आहे, कळतंय. रागावलास तरी बोलणं तोडू नकोस.

तुझी
शमी

❖

देवगड,
२ सप्टेंबर २०२४

शमे,
आशीर्वाद.

पत्र फाडलं. डेपोवर बर्फाच्या पाण्यात टाकून दिलं.

तू सांगितलंस तसं केलं. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी बंदरावर जमली होती. तिथेच बाबांच्या कानाशी जाऊन ओरडलो की तुझे घोडे सप्टेंबरात समुद्रात जाणार, सगळं ठीक चाललंय. मी ओरडलो म्हणजे सगळ्या बंदराने ऐकलं. बाबांनी हातातला नारळ मला दिला आणि म्हणाले की या वर्षी तो शमीच्या नावाने सोडायचा. मी सोडला. खोटं बोललेलं तोंड घेऊन समुद्राला नारळ दिला, हे तू आयुष्यभर लक्षात ठेव, कारण मी ठेवणार आहे.

आता माझं ऐक. बारावीनंतर मी होडीवर गेलो, घरात एकच शिकेल एवढी ऐपत होती आणि तू हुशार होतीस. याबद्दल मी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. पण तू तिथे गेलीस ती नियम शिकायला गेलीस ना? आम्ही नियम मोडले तर अडाणी. दोन महिने पत्रांतून आम्हाला शिकवलंस, हे मारू नका, ते सोडा. आम्ही सोडलं. जो एजंट माझ्याशी गोड बोलायचा तो आता शेजारच्या बंदरात जातो. वाडीतले लोक हसत हसत सोडतात, पण सोडतात. आणि तुला सहा आठवडे एक दोरी बाजूला ठेवता आली नाही, कारण तिला घरचा वास होता.

चिडू नकोस. चीड, पण मग स्वतःवर चीड.

बाबांना दोरी वळू देऊ नकोस म्हणालीस. कसं थांबवू? पडवीत बसून रोज वळतात. पुढच्या वर्षीच्या घोड्यांना लागेल म्हणतात. उल्काच्या शाळेतल्या बाईंनी विचारलंय की मुलांना दाखवायला एक जिवंत घोडा आणाल का, तर त्याची वेगळी तयारी चालू आहे. मी एकदा म्हटलं की आता पुरे. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकू आलं नाही असं दाखवलं, मला कळत नाही.

जे लिहायचं ते लवकर लिही. मी यापुढे तुझ्या वतीने काही ओरडणार नाही.

सिद्धांत

❖

हॅनोव्हर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. आम्ही घोडे सोडायला दक्षिणेला गेलो होतो.

पहाटे निघालो. घोडे मोठ्या डब्यांत होते, पाण्यात हवा सोडणारं यंत्र लावलेलं. खाडी आपल्या खाडीसारखीच आहे, फक्त माड नाहीत. पाणी इतकं स्वच्छ की गवताचं एकेक पातं दिसतं. फ्राऊ ब्रांट होडीत होत्या, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. डबा पाण्यात तिरका धरला. ते लगेच बाहेर जात नाहीत, थोडा वेळ कडेला थांबतात, जणू विचार करतात. मग मोठा नर पहिला निघाला. खाली गेला, गवताला शेपूट अडकवली आणि उभा राहिला. त्याच्या मागे बाकीचे. पिल्लं इतकी बारीक आहेत, की क्षणभर दिसतात आणि मग गवतच दिसतं. तुमची दोरीही मी तिथेच सोडली, त्यांना ओळखीचं काहीतरी असावं म्हणून.

फ्राऊ ब्रांटनी तुमच्या गाठींचं कौतुक केलं. काम फार सुबक आहे, म्हणाल्या.

आता इथलं काम संपलं आहे. पुढचं बघते आहे. येनाला एका भिंगांच्या प्रयोगशाळेत जागा आहे, तिथे बहुतेक जाईन. पत्ता बदलला की कळवेन. पुढच्या वर्षी घोडे नसतील, तेव्हा दोरी वळू नये. डोळ्यांना त्रास होतो.

आईस सा. न. कृपा असावी.

आपली
शमिका

❖

देवगड,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. शमिका हिस बाबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं त्याला महिना होऊन गेला. सोडण्याचं वर्णन मी बैठकीत वाचून दाखवलं. सगळे पुढे सरकून ऐकत होते. तबेला म्हणणाऱ्याने तर ती जागा पुन्हा वाचायला लावली, पिल्लं क्षणभर दिसतात आणि मग गवतच दिसतं, ती. तुझ्या आईने डोळे पुसले. उल्काने पत्र शाळेत नेलं.

शाळेतल्या बाईंना घोडा दाखवायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर किनाऱ्यावर ओढायच्या रापणीच्या जाळ्यात एक चांगला मिळाला. मोठ्या टपात खाडीचं पाणी घेतलं, तुला पाठवलं होतं तसंच लाल गवत त्यात उभं केलं. मुलांना सांगितलं, आमची शमी तिकडे असंच करते. घोड्याने विळखा घातला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो मेला होता. उल्का फार रडली. म्हटलं टप तापला असेल. पाणी बदललं, टप सावलीत घेतला, दुसरा घोडा आणला. त्यालाही तेच गवत. तोही गेला. तिसरा आला तेव्हा मी नुसता काथ्या टाकला, बिनरंगाचा. तो जगला. चार दिवस मुलांना दाखवला आणि मग जिथून आणला तिथे नेऊन सोडला.

हा रंग मी माझ्या मिशा फुटल्यापासून वापरतोय. बुडाला काही चिकटत नाही याचं मला कौतुक होतं. का चिकटत नाही, ते कधी मनात आलं नाही.

मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात तुला थंडी वाजत नाही. चंद्रशेखरची चेष्टा नाही. पिल्लं किती झाली ते नाही. त्या खाडीचं नाव नाही. शेवटी कृपा असावी लिहिलंस, तसं तू मला कधीच लिहिलं नव्हतंस. सिद्धांतला समोर बसवून विचारलं. त्याने खाली बघितलं आणि जाळं घेऊन बसला. मला तेवढं पुरलं.

वाडीला मी काही सांगितलेलं नाही. लोक अजून घोडे सोडतात, शमीचा घोडा म्हणून. काल एका म्हाताऱ्याने मला मुद्दाम थांबवून सांगितलं की आज दोन सोडले. मी त्याच्या पाठीवर थाप दिली. आता तू सुरू केलेलं मलाही चालवावं लागणार. सोडणं थांबू नये म्हणून.

पडवीतल्या सगळ्या दोऱ्या मी जाळल्या. रंगाचा धूर फार झाला, तुझ्या आईने मला आत घेऊन दार लावलं. होडीला मात्र पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच रंग द्यावा लागेल. दुसरा मिळत नाही आणि बिनरंगाची होडी टिकत नाही.

तुझ्या घोड्यांना मी मारलं. ते तू मला सांगायला हवं होतंस. मी तुझा बाबा आहे, मला लाडाने गोष्ट सांगून झोपवायचं वय माझं नाही. त्यांचं काय झालं, कसे गेले, किती होते, शेवटी त्या बाई तुला काय म्हणाल्या, सगळं लिही. तू येनाला जाशील तिथून लिही, किंवा घरी ये आणि इथे बसून लिही.

मला ऐकू येत नाही, शमी. वाचता येतं.

तुझा
बाबा